टोकाचं वावर

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेलं की पिशवी ओट्यावर टेकवायची, माठातलं पाणी प्यायचं आणि आबांच्या पाया पडायचं. लग्न होऊन एकवीस वर्षं झाली, हा क्रम बदललेला नाही. मागच्या आखाजीला तशीच वाकले आणि हात मध्येच थांबला. ओसरीच्या फरशीवर दारापासून खुर्चीपर्यंत तपकिरी ठिपके उमटले होते, माणसाच्या पावलांच्या अंतराने, एकाआड एक. सणाचा दिवस, आत सांजोऱ्या तळणं चाललेलं, मला वाटलं गुळवणी सांडली असेल. मग नीट पाहिलं आणि आबांची उजवी टाच हातात घेतली. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला होता. कातडीच्या वर गव्हाच्या दाण्याएवढा राहिला होता आणि भोवतीची जागा काळीनिळी झाली होती.

"आबा, पायात काटा आहे तुमच्या."

"काटा? कोठे शे?" असं म्हणून आबांनी डावा पाय उचलून पाहिला.

मायने चप्पल शोधून आणली. रबरी तळव्याला आरपार भोक होतं. आबा मळ्यात जाऊन आले त्याला तीन दिवस झाले होते. त्या तीन दिवसांत ते मारुतीला गेले, डेअरीवर दूध घालून आले, सणासाठी आंब्याच्या डहाळ्या काढायला शिडीवर चढले. काटा त्यांच्यासोबत सगळीकडे गेला. "माले ते काहीच समजनं नही," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, कुणी तरी त्यांच्यावर खोटा आळ घेतल्यासारखे.

त्या दिवशी मला सगळ्यात जास्त काय टोचलं असेल तर मागच्या दोन वर्षांतलं आमचं बोलणं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला सहज जातो. भर दुपारी आबा अनवाणी बांधावरून चालत येत, तेव्हा शेजारपाजारचे थक्क व्हायचे. माय कौतुकाने सांगायची, "तुना बापले ऊनच लागत नही." माझा मुलगा आजोबांचे पाय लोखंडाचे आहेत म्हणून मित्रांना सांगायचा. मीही हसून मान डोलावली आहे. सत्तरीच्या माणसाला तापलेली माती भाजत नाही, हे आम्ही सगळ्यांनी त्याची ताकद म्हणून मिरवलं. तो रोग होता.

आबांना धुळ्याला आणलं. डॉक्टरांनी काटा काढला आणि मग टाचेवरचा घट्टा ब्लेडने थरथर करून खरवडायला घेतला. चौथ्या-पाचव्या थराखाली पू निघाला. मी तोंड फिरवलं. आबा डॉक्टरांना विचारत होते की यंदा तुमच्याकडे केशर आंबा काय भावाने मिळतो.

घट्टा या शब्दाबद्दल मला तोवर आदरच होता. आबांच्या तळहातावर नांगराच्या रुमण्याने, विहिरीच्या दोराने पडलेले घट्टे मी लहानपणापासून पाहत आले. पाऊस झाला की त्याच हाताने ते मातीचं ढेकूळ उचलायचे, मुठीत दाबायचे आणि सांगायचे, वाफसा झाला नाही, परवा पेरू. घट्ट्याखालचा हात जिवंत होता, मातीतला ओलावा त्याला कळत होता. म्हणून काम करून कातडी जाड झालेला माणूस आणि मन मेलेला माणूस यांत मी नेहमी फरक करत आले. जिल्हा रुग्णालयातली नर्स रोज मरण पाहते आणि तरी तिचा आवाज मऊ राहतो, तेव्हा तो घट्टाच, त्याने तिचं काम होतं. डॉक्टरांनी ब्लेड बाजूला ठेवून सांगितलं ते वेगळं होतं. ज्या पायाला कळत नाही त्या पायावरचा घट्टा फार वाईट, कारण त्याच्या दाबाने खाली जखम होते आणि वरून काही दिसत नाही.

मग त्यांनी खिशातून पेनासारखा दांडा काढला. त्याच्या टोकाला नायलॉनचा एक धागा होता, झाडूच्या काडीपेक्षा बारीक. टेकवला की दहा ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो, एवढीच त्याची करामत. "बाबा, डोळे मिटा. पायाला काही लागलं की हो म्हणा."

अंगठ्याला धागा टेकला, वाकला. आबा गप्प. करंगळीच्या बुडाशी, गप्प. टाचेला, गप्प. डॉक्टरांनी हात मागे घेतला आणि कागदावर काही लिहायला लागले, तेव्हा आबा म्हणाले, "हो." कुणी काही बोललं नाही. दोन क्षणांनी पुन्हा, जरा जोरात, "हो."

मी शाळेत मराठी शिकवते. तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे. ज्या मुलाला प्रश्नच ऐकू आलेला नसतो तो असा अंदाजाने उत्तर देतो, आपल्याला येत नाही हे बाईंना कळू नये म्हणून. आबांच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. सत्तर वर्षांचा माणूस नापास होऊ नये म्हणून धडपडत होता, आणि त्याच्या पायापाशी कुणाचाच हात नव्हता.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा खराब होतात आणि त्यातही सगळ्यात लांब नसा आधी. मणक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सगळ्यात लांब, म्हणून बोटं आधी बधिर होतात. मग पाऊल, मग घोटा. मोजा वर चढावा तशी बधिरता चढत जाते आणि ती गुडघ्यांजवळ पोचते त्या सुमाराला हाताची बोटंही जायला लागतात. २०२३ साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीचे आकडे आले, त्यात देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण निघाले. त्यातल्या किती जणांच्या घरी असं कौतुक चाललेलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

रिक्षात बसल्यावर आबा बराच वेळ बोलले नाहीत. देवपूरचा पूल ओलांडताना पांझरेच्या कोरड्या पात्राकडे पाहत म्हणाले, "म्हंजे पाटसारखंच. टोकनं वावर पयले सुकस."

टोकाचं वावर म्हणजे काय, हे फड पाहिलेल्या माणसालाच नीट कळेल, म्हणून थोडं सांगते. पांझरेवर जागोजाग जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याने पाणी अडवायचं, पाटाने शेतात न्यायचं आणि गावाने मिळून वाटून घ्यायचं, ही फडाची रीत इथे तीन-चारशे वर्षं चालली. भिजणारी जमीन तीन-चार फडांत वाटलेली असे. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, एका वर्षी ऊस असेल तर दुसऱ्या वर्षी भुसार, फेरपालट ठरलेली. बहुतेकांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाट फोडायचा नाही, पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं, आणि त्याची मजुरी धान्यात. पाणी कमी असेल त्या वर्षी पंच बसून ठरवत की अमुक फड पड टाकायचा, आणि मग नुकसान सगळ्यांचं थोडं थोडं होई. आबा तरुणपणी दोन वर्षं पंचांत होते. ते सांगतात की पाटकरी चांगला आहे की नाही हे पाहायला बंधाऱ्यावर जायचं नसतं, शेवटच्या वावरात जायचं. तिथल्या पिकाची पानं दुपारी चारला कशी दिसतात ते पाहायचं. मुखाशी पाणी असतंच, तिथे बसून कुणालाही वाटतं की पाट भरून वाहतोय.

पुढे वर धरणं झाली, ज्याची त्याची विहीर झाली, बोअर झाले. आमच्या गावचा फड मोडला. आता टोकाच्या वावरात कुणी जात नाही. प्रत्येकाचं वावर आपापल्या बोअरच्या मुखाशी आहे.

आबांचं वाक्य मला जिथे लागलं ती जागा शेतात नव्हती, माझ्या इमारतीच्या जिन्यात होती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आमच्या खालच्या मजल्यावरचे काका वारले. रात्रीतून गेले. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी इमारतीच्या ग्रुपवर मेसेज पडला. मी डबा भरत होते. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासायचे राहिले होते. अंगठ्याने काही तरी टाइप केलं, दोन जोडलेले हात टाकले आणि फोन ओट्यावर उपडा ठेवला. जिना उतरताना त्यांचं दार उघडं होतं, बाहेर चपलांचा ढीग होता. मी पदर सावरून बाजूने निघाले. शाळेतून आले तोवर सगळं आटोपलं होतं, पायऱ्या धुऊन वाळल्याही होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा मी आणि काकू एकाच वेळी कचऱ्याची बादली घेऊन उतरलो. मी म्हटलं, "काय काकू, बऱ्या ना?" नेहमीसारखं, तसंच हसून. त्या म्हणाल्या, "हो, बरी आहे." बादली रिकामी करून मी वर आले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला आठवलं.

विसरले होते मी. ज्या घराचा पंखा फिरतो तेव्हा माझ्या फरशीला त्याची घरघर जाणवते, त्या घरातला माणूस गेल्याचं चार दिवसांत माझ्या मनातून निघून गेलं होतं. कठड्याला धरून उभी राहिले. परत खाली जाऊन काय म्हणायचं ते सुचलं नाही. शाळेची वेळ झाली होती. त्यानंतर काकू दिसल्या की मी पायऱ्यांवरची गती वाढवायची.

दवाखान्यातून आल्यावर त्या रात्री मला आबांचा तो "हो" झोपू देईना. काहीही टेकलेलं नसताना म्हटलेला हो. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मी टाकलेले दोन जोडलेले हात म्हणजे तोच हो होता.

मराठीत 'लागणे' हे एक विलक्षण क्रियापद आहे. वर्गात मी मुलांकडून त्याचे अर्थ काढून घेते आणि फळा पुरत नाही. ठेच लागते, ऊन लागतं, भूक लागते, उचकी लागते, लळा लागतो, ओढ लागते, शब्द मनाला लागतात, नजर लागते आणि म्हातारपणी धापही. बाहेरचं जग आपल्यापर्यंत पोचलं हे सांगायला आपल्याकडे हा एकच शब्द सगळीकडे राबतो. मूल पडलं की आमच्याकडच्या बाया धावत येऊन आधी तेच विचारतात, "लागनं का?" पडलास कसा, धावत का होतास, हे सगळं मागून. आणि तेच मूल मोठं झालं की आपण त्याला शिकवतो, मनाला लावून घेऊ नकोस. मी स्वतः किती मुलांना हे सांगितलं असेल. वर्गात कुणाच्या मरणावरचा धडा वाचताना एखादीचे डोळे भरतात, तेव्हा इतकं हळवं असून कसं चालेल, असं माझ्याच तोंडून निघालं आहे. हल्ली तर घरोघर आईबाप अभिमानाने सांगतात की आमचा मुलगा फार प्रॅक्टिकल आहे, त्याला कशाचं काही वाटत नाही. ऐकताना मला तापलेल्या बांधावरून येणारे आबांचे पाय दिसतात.

आबांच्या आजाराबद्दल वाचताना मी कुष्ठरोगापर्यंत गेले, कारण पायांची बधिरता समजून घ्यायचं बरंचसं काम त्या रोगापासून सुरू झालं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड आले. तोवर सर्वसाधारण समज असा की कुष्ठरोगात बोटं आपोआप सडून गळतात. ब्रँड यांनी रुग्णांचं रोजचं जगणं बारकाईने पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की रोग फक्त नस मारतो. बाकीचं काम जखमा करतात. चुलीतलं भांडं हाताने उतरवलं जातं आणि भाजल्याचं कळत नाही. चप्पलेतला खिळा दिवसभर पायात राहतो. काहींची बोटं सकाळी उठल्यावर तुटलेली असत, आणि रात्री जागून पाहिलं तेव्हा उलगडा झाला की झोपेत उंदीर कुरतडून जातात आणि माणूस कूस बदलून झोपून राहतो. मग रुग्णांना रात्री सोबत मांजर ठेवायला दिलं गेलं.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत येऊन तेच वाक्य वाचलं. कूस बदलून झोपून राहणारं माणूस.

ब्रँड पुढे अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांनी कृत्रिम वेदना तयार करायचा प्रयत्न केला. हातमोज्यात, बुटात दाब मोजणारी यंत्रं बसवायची आणि धोक्याइतका दाब पडला की कानात आवाज करायचा. रुग्णांनी आवाजाकडे दुर्लक्ष केलं. मग आवाजाऐवजी विजेचा सौम्य झटका दिला, जिथे अंगाला अजून कळत होतं अशा जागी. तेव्हा एखादं काम उरकायचं असलं की रुग्ण आधी यंत्र बंद करायचे, काम करायचे आणि मग चालू करायचे. शेवटी तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. खरं दुखणं आपल्याला बंद करता येत नाही आणि तेवढ्यामुळेच ते आपल्याला वाचवतं, हे मला तिथे पहिल्यांदा इतकं स्वच्छ कळलं. माझ्या फोनमध्ये सतरा ग्रुप आहेत आणि त्यातले बारा मी म्यूट केलेले आहेत. जगाचं दुखणं माझ्यापर्यंत यायची वाट आता त्यातूनच जाते, आणि तिचं बटण माझ्या अंगठ्याखाली आहे.

या वाटेने आलेल्या एका गोष्टीबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही.

१ जुलै २०१८, रविवार. आमच्याच जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. सोलापूरकडच्या मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, या अफवा व्हॉट्सअॅपवरून त्याआधी कितीतरी दिवस गावोगाव पोचल्या होत्या. त्या संशयावरून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथे मारलं. पाचही जण गेले. दिवसाउजेडी, भरल्या बाजारात.

तो अफवेचा मेसेज त्या जूनमध्ये माझ्या फोनवरही आला होता, पालकांच्या ग्रुपवर. मी तो पुढे पाठवला नाही आणि मनातल्या मनात स्वतःला शहाणी समजले. पण त्या मेसेजखाली एका आईने मला विचारलं होतं, "मॅडम, हे खरं आहे का?" मी ते वाचलं. शाळा नुकती उघडली होती, पुस्तकं वाटायची होती, याद्या करायच्या होत्या. उत्तर द्यायचं राहून गेलं. खोटं आहे, एवढे दोन शब्द लिहायचे होते. त्या दोन शब्दांनी राईनपाड्यातलं काही थांबलं असतं असं मी म्हणत नाही, ते गाव माझ्या शाळेपासून लांब आहे. पण एका माणसाने विचारलं होतं, आणि मला काही टेकल्यासारखं झालंच नाही.

मारहाणीचा व्हिडिओ पुढे आमच्या स्टाफरूममध्ये आला. एका सहकाऱ्याने फोन पुढे केला, आम्ही तिघी-चौघी वाकून पाहत होतो. मध्येच घंटा झाली. मी खडू घेतला आणि आठवीच्या वर्गात जाऊन काळ शिकवले. साधा भूतकाळ, अपूर्ण भूतकाळ, पूर्ण भूतकाळ. उदाहरणं सुद्धा नीट दिली. कुठे आवाज अडखळला नाही.

लहानपणी आमच्या दारी डवरी यायचे. पहाटे डौराचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू आला की माय सुपात बाजरीचं पीठ काढून ठेवायची. त्यांचा मुक्काम दोन-दोन दिवस आमच्या खळ्यात असायचा, आबा त्यांच्याशी पावसाच्या गप्पा मारायचे. व्हिडिओ पाहताना मला हे आठवायला हवं होतं. आठवलं ते सात वर्षांनी, आबांची टाच हातात घेतल्यानंतर.

जुनं गाव सगळं हळवं होतं आणि आता शहर निर्दय झालं, असं मला म्हणायचं नाही. ते सांगायला सोपं आहे आणि खोटं आहे. आमच्या गल्लीत कुणी गेलं की प्रेत उचलेपर्यंत शेजारच्या चुली पेटत नसत, हे खरं. दारावर बसायला बाया दहा दिवस येत, गंधमुक्तीपर्यंत त्या घराला एकटं पडू देत नसत, तेही खरं. पण गावाबाहेर भिलाटी होती, भिल्लांची वस्ती. भिलाटीत कुणी गेलं तर आमच्या चुली तशाच पेटत. रडण्याचा आवाज वाऱ्यावर यायचा, माय कान देऊन म्हणायची, "कोन गया व्हई?" आणि भाकरी थापायची. मी बाजूला बसून जेवलेली आहे. ज्या फडाचं मी इतकं कौतुक केलं त्या फडात भिलाटीतल्या एकाचंही वावर नव्हतं. तिथवर पाट नेलाच नव्हता, त्यामुळे टोक कुठे संपतं हे ठरवणंही आमच्याच हातात होतं. आबांना मी हे बोलून दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, आम्ही कधी त्या बाजूला पाणी नेता येईल का, असं पंचांत विचारलंच नाही.

डॉक्टरांनी आबांना शेवटी काय करायला सांगितलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. गेलेली जाणीव परत येईल याची खात्री त्यांनी दिली नाही. म्हणाले, आता पाय तुम्हाला काही सांगणार नाही, तेव्हा डोळ्यांनी विचारायचं. रोज रात्री दोन्ही पाय बघायचे. तळवा दिसत नसेल तर आरसा धरायचा, नाही तर घरच्यांनी बघायचं. चप्पल घालण्याआधी झटकायची, आत हात फिरवायचा. आंघोळीचं पाणी पायाने नाही, दुसऱ्या कुणी हाताने बघायचं. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. कंटाळा आला तरी रोज.

मे संपता संपता एका संध्याकाळी मी खालच्या मजल्यावर गेले. कढी-खिचडीचा डबा नेला होता, रिकाम्या हाताने जायचा धीर झाला नाही. काकूंनी दार उघडलं, आश्चर्य वाटल्याचं दाखवलं नाही. काकांची खुर्ची खिडकीपाशी होती तशीच होती, तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले. मी म्हटलं, "काकू, मला फार उशीर झाला." त्या म्हणाल्या, "अहो, तुमची शाळा असते." मग म्हणाल्या, "आणि तुमचा मेसेज वाचला होता मी त्या दिवशी. बरं वाटलं होतं."

मी काय लिहिलं होतं ते मला आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं. मी जमिनीकडे पाहत बसून राहिले. त्यांनी काकांच्या शेवटच्या रात्रीबद्दल सांगायला सुरुवात केली. पाणी मागितलं, मी आणलं, तोवर मान कलंडली होती, ग्लास कुठे ठेवला तेच आठवत नाही बघा. हे त्यांनी अनेकांना सांगितलेलं नसावं, कारण सांगताना वाक्यं अजून घासून गुळगुळीत झालेली नव्हती. दीड तास बसले. निघताना त्यांनी डबा धुऊन दिला आणि त्यात चार लिंबं घातली.

आबांच्या टाचेचं ड्रेसिंग सव्वा महिना चाललं. जखम भरली. जुलैमध्ये पहिला चांगला पाऊस झाला तेव्हा मी दोन दिवस गावी गेले होते. रात्री जेवणं झाल्यावर माय ओसरीत पाट घेऊन बसली, आबांचा पाय मांडीवर घेतला आणि माझ्या लग्नातल्या रुखवताचा छोटा आरसा टाचेखाली धरला. लाइट गेलेली होती. मी मोबाइलचा उजेड पाडत होते. माय बोटांच्या बेचक्यांतून एकेक करून बघत होती, तांदूळ निवडावेत तशी. आबांची नजर आरशावर नव्हती, तिच्या तोंडाकडे होती.

"काय दिसस?"

"डावी टाचमा एक भेग शे. कालदी नव्हती."

आबांनी मान हलवली आणि पाय थोडा तिच्याकडे सरकवला.

"आखो?"